सालिमच्या गाडीतली दुसरी सीट

आधी बाबा हमूद यांचं नाव घेतो, मग बाकीचं. बरक्यातल्या त्या गॅरेजचं शटर आजही रोज सकाळी मीच वर करतो, रहिवासाचं कार्ड अजून माझ्या खिशात आहे, आणि गावी कोणी विचारलं की आई ‘अनिल मस्कतला असतो’ असं मान वर करून सांगते, ते सगळं त्या एका म्हाताऱ्या माणसामुळे. बरका म्हणजे मस्कत नव्हे, चांगलं तासाभराचं अंतर आहे, हे आईला मी किती वेळा सांगितलं. तिच्या लेखी अख्खं ओमान मस्कतच आहे. असू दे. पण बाबांचं नाव मात्र तिला पाठ आहे. देवाजवळ दिवा लावताना ती माझ्यासाठी जे काही मागते, त्यात ‘आणि त्या हमूद बाबांना बरं ठेव’ हेही असतं.

परवा वारा फिरला, म्हणून हे सगळं आठवायला लागलं.

इथला हिवाळा मला आधी हाताला कळतो. माझं काम डेंटिंगचं, म्हणजे गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करायचं. या कामात डोळ्यांपेक्षा तळहात जास्त लागतो. पत्रा कुठे खोल गेलाय, कुठे फुगलाय, हे उघडा हात फिरवल्याशिवाय समजत नाही. पण एप्रिलपासून पुढे इथे पत्र्याला हात लावायची सोय नसते. सकाळी आठलाच बॉनेट तव्यासारखं तापतं. मग हातमोजे घाला, ओलं फडकं टाका, अंदाजाने ठोका. आणि ऑक्टोबर सरता सरता एक दिवस असा येतो की, आपण विसरून पत्र्यावर तळहात टेकवतो आणि तो मागे घ्यावा लागत नाही. थंडगार, गुळगुळीत पत्रा. माझ्यासाठी हिवाळा तिथे सुरू होतो. परवा एका पिकअपच्या दारावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. गॅरेजमागच्या बोरीखाली बाबा बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच वेळी लांब समुद्राकडच्या रस्त्यावर कोणीतरी इंजिन पिळल्याचा आवाज आला. लांबलचक, वर वर चढत जाणारा आवाज. बाबांनी हातातला कहव्याचा पेला खाली ठेवला. मी हात काढून घेतला. 

सालिम गेल्यापासून दर वर्षी हिवाळा असाच येतो.

सालिम हा बाबांचा मोठा मुलगा. गॅरेज बाबांच्या नावावर, पण चालवायचा तो. उंच, सडपातळ, आणि अंगावर नेहमी पांढरा शुभ्र डगला. ग्रीस, पत्र्यावर भरायची लांबी, रंग यांच्यात दिवसभर वावरून संध्याकाळी तो तसाच पांढरा कसा घरी जायचा, हे मला आजही न सुटलेलं कोडं आहे. आमचे पेंटर गोपाळदादा कुडाळकडचे. ते म्हणायचे, ‘ह्याच्या अंगाक रंग लागना नाय, हो मालक जन्माक इलो तोच पॉलिश मारून.’

मी नववीतून शाळा सोडलेला मुलगा. राजापूरच्या एका गॅरेजात पत्रा ठोकायला शिकलो आणि तेवढ्या भांडवलावर इथे आलो. पहिले काही महिने मला सगळ्याची भीती वाटायची. अर्बाब ओरडेल याची, म्हणजे मालक ओरडेल याची. हिंदी चुकेल याची. रात्री गॅस बंद केलाय ना, याची. सालिमला ही भीती दिसायची. एकदा एक महागडी गाडी माझ्याकडे देऊन तो शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘अनील, तू हातोडी ऐसा पकड़ता है जैसे पुलिस देख रहा है. कोई नहीं देखता. यल्ला, मार.’ मी मारली. तेव्हापासून हात सैल झाला. मन अजून झालेलं नाही.

हा सालिम शर्यतीत गाड्या चालवायचा. परदेशी सिनेमात दिसतात तशा सपाट, पंखवाल्या गाड्या नव्हेत. कारखान्यातून येते तीच साधी चार दारांची गाडी, टॅक्सीवाले वापरतात तसली, आतून सोलून शर्यतीची केलेली. आधीची पांढरी. सालिमने एका हिवाळ्याआधी ती गॅरेजात आणली आणि आम्ही तिची कातडी सोडून सगळं बाहेर काढलं. गालिचा, एसी, मागची सीट, छताचं कापड. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केला. गोपाळदादांनी ती नारिंगी रंगवली आणि दोन्ही बाजूंच्या दारांवर मोठा अरबी सात काढला. सगळ्यात शेवटी निघाली ती ड्रायव्हरच्या शेजारची सीट, उजवीकडची, कारण इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. ती मी बाहेर आणून वाळूत ठेवली.

त्याच वेळी बाबा आले. हातात काठी, खांद्यावर शाल. गाडीच्या आत डोकावले. मग वाळूतल्या सीटकडे पाहिलं. सालिमला त्यांनी विचारलेलं मला नंतर माजिदने, म्हणजे सालिमच्या धाकट्या भावाने, हिंदीत सांगितलं. बाबा म्हणाले होते, ‘जिस गाड़ी में दूसरा आदमी नहीं बैठ सकता, वो गाड़ी किस काम की?’

सालिम हसला. बाबा हसले नाहीत. ते जाऊन त्या सीटवर बसले. बाजूचा खटका ओढल्यावर पाठ मागे कलते हे कळल्यावर मात्र त्यांना मजा वाटली. दोन-तीनदा पाठ मागे-पुढे केली. दुसऱ्या दिवशी मी सीटखाली लोखंडी चौकट जोडली आणि ती मागच्या बोरीच्या झाडाखाली ठेवली. तेव्हापासून ती बाबांची जागा झाली. हिवाळ्यात तिच्यावर बोरं पडतात. बाबा ती पुसून खातात आणि एखादं चांगलं निघालं तर मला हाक मारतात.

त्या वर्षी, म्हणजे चौदा सालच्या दसऱ्याला, मी आणि गोपाळदादांनी हत्यारं पुजली. गावच्या गॅरेजात करायचो तसंच. हातोड्या, पत्र्यामागे धरायची लोखंडी डॉली, स्प्रे गन, सगळं धुऊन एका फळीवर मांडलं. मस्कतमधल्या रुवीच्या बाजारातून कोणाकडून तरी झेंडूची फुलं मागवली होती. सालिम दारात उभा राहून बघत होता.

‘ये क्या करता है?’

‘आज का दिन हथियार को आराम,’ मी म्हणालो. ‘साल भर काम करता है ना.’

‘अच्छा है,’ तो म्हणाला. ‘आदमी को आराम नहीं, हथोड़ी को है.’

मग त्याने मान वळवून त्या नारिंगी गाडीकडे पाहिलं. शर्यतीचा मोसम तोंडावर होता. मी धीर करून म्हटलं की आमच्याकडे नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात, नजर लागू नये म्हणून. गोपाळदादा मागून पुटपुटले, ‘मेल्या, मालकाच्या गाडयेक कित्याक हात लावतंस? आपली हत्यारां पूज आणि गप ऱ्हव.’

पण सालिमला नजर हा शब्द परका नव्हता. ‘मेरी माँ भी यही बोलती थी. नज़र है, नज़र है,’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘बांधो. लेकिन नीचे बांधो, अंदर. दोस्त लोग देखेगा तो हँसेगा.’

मी बंपरच्या आत, खालच्या बाजूला, तारेत ओवलेलं लिंबू, मिरच्या आणि कोळशाचा एक तुकडा बांधला. शर्यतीच्या आधी जुनं काढून नवं बांधायचं कामही आपोआप माझ्याकडे आलं. सालिम फक्त भुवया उडवून विचारायचा. मी मान हलवायचो. बस्स.

किती सुंदर होता तो हिवाळा, काय सांगू. सकाळी दारंखिडक्या उघड्या टाकून आम्ही कामाला लागायचो. समुद्राकडून वाळत घातलेल्या तारलीचा वास यायचा. इथे ती गुरांना चारा म्हणून वाळवतात. गोपाळदादा तो वास छातीभर घेऊन म्हणायचे, ‘घरच्या वाटेर असल्यासारख्या वाटता.’ शुक्रवारी सालिम मासळीबाजारातून सुरमई आणायचा आणि आमच्या तिखट कालवणाला नाक पुसत पुसत जेवायचा. कधी आम्ही बाबांबरोबर बैलांच्या टकरी बघायला जायचो. बरक्यातली ती जुनी हौस. धिप्पाड बैल डोक्याला डोकं लावतात, आणि मालक दोर धरून उभे असतात. एक मागे हटला की खलास, दोघांना ओढून वेगळं करायचं. तरुणपणी बाबांचाही एक बैल होता. त्याचं नाव निघालं की त्यांचा चेहरा फुलायचा.

सालिम त्यांना तिथेच पकडायचा. ‘बाबा का बैल, मेरा गाड़ी. एक ही बात.’

बाबा म्हणायचे, ‘बैल को रस्सी होती है.’

एवढंच. बाबा शर्यत बघायला कधी आले नाहीत. शर्यतीच्या शुक्रवारी ते नमाजाहून थेट बोरीखाली यायचे आणि सालिमची गाडी ट्रेलरवरून परत येईपर्यंत उठायचे नाहीत.

आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आता कोणी सांगत नाही. इतक्या वेगाने गाडी चालवणारा माणूस रस्त्यावर मात्र म्हाताऱ्यासारखा चालवायचा. मागचे हॉर्न मारायचे. ‘सड़क पे मेरी माँ जैसी औरत चलती है,’ तो म्हणायचा. समुद्रकाठच्या रस्त्यावर टायर जाळत गाड्या फिरवणारी पोरं होती. सालिम त्यांना दम देऊन, हेल्मेटं घालून ट्रॅकवर घेऊन जायचा. चालवायचं तर तिथे चालवा. मला तर त्याने रिव्हर्स शिकवला. इथल्या लायसन्सच्या परीक्षेत लोखंडी पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यावी लागते. ड्रम टेस्ट म्हणतात. सालिमने गॅरेजच्या आवारात रिकामी पिंपं मांडली आणि जुन्या पिकअपमध्ये मला बसवलं. मी घाबरून ब्रेक दाबायचो. तो खिडकीबाहेरून चालत चालत सांगायचा, ‘आहिस्ता. और आहिस्ता. गाड़ी को मालूम होना चाहिए कि तू डरता नहीं.’ शर्यतीवाल्याकडून मी सावकाश जायला शिकलो. लायसन्स मात्र मिळालं नाही. परीक्षेला पोलीस शेजारी बसला की माझा पाय पुन्हा थरथरायला लागतो.

त्याच हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका शर्यतीत, शेवटच्या वळणावर, सालिमची गाडी बाहेर गेली आणि डाव्या बाजूने भिंतीला लागली.

मी आणि गोपाळदादा तिथेच, कठड्यामागे होतो. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. धूळ बसल्यावर गाडी दिसली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: दार जाईल, फेंडर जाईल, खांब ओढून घ्यावा लागेल, आठवड्याभराचं काम आहे. पत्र्याचं काम करणाऱ्याला आधी पत्रा दिसतो. मी त्या गाडीचा अंदाज मनात पुरा करत आणला होता, आणि तोवर लोक धावायला लागले होते. मग गोपाळदादांनी माझा दंड धरला. त्यांचा हात इतका घट्ट होता की काय झालंय ते मला त्या हातावरून कळलं.

पुढचं जास्त लिहीत नाही.

मी इथे आल्यापासून सालिमला ओळखणाऱ्यांचं त्याच्याबद्दल एकच मत होतं. तो गेल्यावर त्याची दोन माणसं झाली. पोरांनी गाड्यांच्या मागच्या काचांवर अरबी सात चिकटवले. माजिद त्यांच्यात पुढे. सालिम म्हणजे शेर, सालिम म्हणजे बरक्याची शान. आणि महिन्याभरातच, त्यातल्याच एका पोराने, मागच्या काचेवर तो सात लावून, समुद्रकाठच्या रस्त्यावर सालिमसारखं वळण घ्यायला जाऊन पाय मोडून घेतले. त्याची आई बाबांच्या दारात आली होती. मी घरातली गाडी धुवायला गेलो होतो, म्हणून पाहिलं. ती आत आली नाही. दारात उभी राहून बोलत होती. मला अरबी तेवढं येत नाही, पण ‘सालिम’ हे नाव ती ज्या तऱ्हेने उच्चारत होती, ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. बाबा मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी एकदाही तिला थांबवलं नाही. त्याने पोरांना रस्त्यावरून उचललं हेही खरं, आणि वेगाची चव त्यांना त्यानेच दाखवली हेही खरं. मी दोन्हींचा साक्षीदार आहे. मला कोणी विचारलं तर काय सांगावं हे अजून ठरत नाही, आणि मला कोणी विचारतही नाही.

पोलिसांकडून गाडी परत आली तेव्हा हिवाळा संपत आला होता. माजिदला ती होती तशीच, चेपलेली, गॅरेजच्या दर्शनी बाजूला उभी करायची होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. बाबांना ती नजरेसमोर नको होती. घरात यावरून बोलणं बंद झालं होतं. शेवटी दुसरी जागाच नव्हती म्हणून, तात्पुरती, ती बोरीजवळ, मागच्या रस्त्याच्या कडेला लावायचं ठरलं. माजिद आणि त्याचे पाच-सहा मित्र ढकलायला आले. पुढचं चाक अडकलं होतं, म्हणून एकाने जॅक लावला आणि खाली वाकला.

तो वाकलेला बघितला आणि मला एकदम आठवलं. त्या दिवसापर्यंत आठवलंच नव्हतं.

त्याने हात घालून ते ओढून काढलं. गंजलेली तार. काळं पडलेलं, वाळून टणक झालेलं लिंबू. सुतळीसारख्या मिरच्या आणि कोळसा. त्याने ते हातात धरलंही नाही, खाली टाकलं. मग कोणीतरी एक शब्द बोललं: सिहर. म्हणजे जादूटोणा, करणी. तो शब्द इथे कोणी हलक्यात उच्चारत नाही. गाडीखाली लपवलेली तार, तारेत कोळसा, आणि गाडीचा मालक मेलेला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दुसरं काही समजलो नसतो. आमच्याकडे जी वस्तू गाडी वाचावी म्हणून बांधतात, ती त्यांच्या डोळ्यांना माणूस मारायला बांधल्यासारखी दिसत होती. उघडी बांधली असती तर वेगळं झालं असतं. पण ‘नीचे बांधो’ म्हणणारा आता साक्षीला नव्हता.

‘ये किसने बांधा?’ माजिदने विचारलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

गोपाळदादा माझ्या कानाशी म्हणाले, ‘अनिल, तू कायेक बोलू नको. मी बघतंय.’  माझ्या डोळ्यांसमोर सगळं एकदम येऊन गेलं. पोलीस स्टेशन, विमानतळ, आणि गावच्या ओटीवर बसलेली आई. तिला मी काय सांगणार होतो? की लिंबू बांधलं म्हणून परत पाठवलं? तिला तर वाटलं असतं, बांधलं ते बरंच केलं की. मी म्हणालो, ‘मैंने बांधा. सालिम भाई को मालूम था.’ दुसरं वाक्य कोणी ऐकलंच नाही. एकाने फोन बाहेर काढला होता.

बाबा सीटवरून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. आधी काठी रोवायची, मग गुडघा. सगळे त्यांच्यासाठी थांबले. ते आले, सावकाश वाकले आणि कोणीही हात लावायला तयार नव्हतं ते लिंबू त्यांनी उचललं. नाकाशी नेलं.

‘लूमी,’ ते म्हणाले. वाळवलेल्या लिंबाला इथे लूमी म्हणतात. घरोघरी असतं. कालवणात टाकतात, पोटदुखीला काढा करतात.

मग त्यांनी ते दोन्ही तळव्यांत धरून दाबलं. कट्‌कन फुटलं. आतली काळी भुकटी आणि बिया त्यांनी हातावर पसरून प्रत्येकाला दाखवल्या, अगदी माजिदच्या नाकापुढे धरल्या. अरबीत बोलले, आणि मला कळावं म्हणून तेच हिंदीत. ‘देखो. काग़ज़ नहीं. बाल नहीं. कपड़ा नहीं. किसी का नाम नहीं लिखा.’ मग माझ्याकडे वळून, ‘क्यों बांधा?’

‘नज़र के लिए, बाबा. सालिम भाई को नज़र ना लगे.’

‘इससे कुछ नहीं होता, बेटा,’ बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. कोणाला तरी, तू शोधतोस ते घर दुसऱ्या गल्लीत आहे, असं सांगावं तसं म्हणाले. ‘होता, तो सालिम यहाँ खड़ा होता.’

त्यांनी भुकटीवर मूठ मिटली. मग पोरांना उद्देशून बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. शब्द जसेच्या तसे नसतील, अर्थ हाच. ‘हर जुम्मा मैं उधर बैठता था. अल्लाह से बोलता था, आज गाड़ी बिगड़ जाए. आज चालू ना हो. सब लोग माँगता था सालिम जीते, मैं माँगता था गाड़ी टूटे. अभी टूट गई. तो पुलिस को बुलाना है तो मेरे लिए बुलाओ. ये लड़का तो बचाने के लिए बांधा था.’

 मग माजिदने बाबांचा तो काळा हात धरला, आणि आपल्या पांढऱ्या डगल्याच्या टोकाने पुसायला लागला. दोघं भाऊ अगदी एकसारखे दिसायचे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. फोन बाहेर काढणाऱ्याने फोन आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला गाडीपाशी बोलावलं आणि काठीने डावी बाजू दाखवली. हे सरळ कर, पांढरं कर, पूर्वी होतं तसं. माजिद म्हणाला, ‘ये सालिम का निशान है, बाबा.’

‘ये दीवार का निशान है,’ बाबा म्हणाले. ‘सालिम का उधर है.’ आणि काठी उजव्या बाजूच्या साताकडे केली. तो सात शाबूत होता. माजिद जाऊन त्या साताजवळ उभा राहिला. मला वाटतं, त्याला तेवढंच हवं होतं.

मी ती डावी बाजू जितकी हळू केली तितकं हळू काम आयुष्यात केलं नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, दार बदल, नवं लाव. पण मी तोच पत्रा आतून ठोकत, बाहेरून डॉली धरत, परत आणला. लांबी भरली, पाणीपेपरने घासली. गोपाळदादांनी पांढरा रंग चढवला आणि रंग वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले. बाबा रोज सीटवर बसून बघायचे. ऊन वाढत चाललं होतं. हात टेकवता येईल असे शेवटचे काही दिवस उरले होते.

काम झाल्यावर बाबा आले, डोळे मिटले आणि दारावरून तळहात फिरवायला लागले, अगदी आम्ही फिरवतो तसा. महिनाभर बघून शिकले असणार. ‘किधर था?’ त्यांनी विचारलं. मी त्यांचा हात धरून जागेवर नेला. ‘नहीं मिलता,’ ते म्हणाले. पुढे हात नेला, खाली आणला, आणि दाराच्या तळाशी थांबले. तिथे एक बारीक लाट राहिली होती. डोळ्यांना दिसणारी नव्हती, हाताला मात्र लागत होती. मी ओशाळलो. म्हटलं, कल ठीक करता है, बाबा.

त्यांनी हात तिथेच ठेवला होता. ‘रहने दो,’ ते म्हणाले. ‘खलास.’

गाडी अजून तिथेच उभी आहे. तिची उजवी बाजू रस्त्याकडे, नारिंगी, सात आकड्याची. हिवाळ्यात पोरं येतात, तिच्यासमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढतात. त्यांच्यातला एक जण आता शाळेची बस चालवतो. सालिमने रस्त्यावरून उचललेल्यांपैकी तो. पाय मोडलेला पोरगाही काठी टेकत येतो कधी कधी. फोटो काढत नाही, नुसता उभा राहतो. आणि डावी बाजू, पांढरी, बोरीकडे. सीटवर बसलं की तेवढीच दिसते. साधी, टॅक्सीसारखी गाडी. दोन्हीकडच्या माणसांना आपापली बाजू पुरते.

बाबा आता फार थकलेत. रुस्ताकचं नाव फार काढतात. त्यांचा जन्म तिकडचा, डोंगराच्या पायथ्याचा. तिथल्या पाटाच्या गार पाण्यात पाय सोडून बसायचं म्हणतात. माजिद नेतो म्हणतो, पण त्याच्या गाडीत बसायला ते तयार नाहीत. तो जोरात चालवतो म्हणे. मागच्या आठवड्यात मला म्हणाले, ‘तू चलाता तो मैं जाता. तू डरता है, तू आहिस्ता चलाएगा.’

माझ्या भीतीचा कोणाला उपयोग होईल असं मला या जन्मात वाटलं नव्हतं.

मी पुन्हा ड्रम टेस्टसाठी नाव घातलंय. गोपाळदादा म्हणतात, ‘तुझा लायसन येयपर्यंत बाबा चालत रुस्ताकाक पोचतले.’ म्हणू देत. आवारात रिकामी पिंपं मांडून ठेवली आहेत, आणि संध्याकाळी मी जुना पिकअप मागे घेत असतो तेव्हा खिडकीबाहेरून माजिद चालतो. तो सांगतो तेही तेच शब्द: आहिस्ता, और आहिस्ता. सालिमच्या गाडीचं इंजिन तो बघणार आहे. रस्त्यावर आणायला तपासणी लागेल, कागद लागतील. तो म्हणतो, इन्शाल्ला, होईल. पिंजऱ्याचा आडवा पाइप मी कापीन, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला पाय आत टाकता येणार नाही. आणि बोरीखालची ती सीट चौकटीवरून सोडवून जिथून काढली होती तिथेच परत बसवीन.

ती सीट उजव्या बाजूची. तिथे बसायचं म्हणजे नारिंगी दारच उघडावं लागणार, सात आकड्याचं. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी एक बोर पुसलं, माझ्या हातावर ठेवलं.

‘दरवाज़ा तू खोलना,’ ते म्हणाले.

खोलीन, बाबा. लायसन्स हातात पडू दे, पाय थरथरायचा थांबू दे. मग एका हिवाळ्यातल्या सकाळी, पत्र्यावर हात ठेवता येईल अशा एखाद्या दिवशी, ते दार मी उघडीन, तुम्हाला दोन्ही हातांनी धरून बसवीन, आणि रुस्ताकपर्यंत सावकाश नेईन. मागचे हॉर्न मारतील. मारू देत.